मॅडमची गाडी

“मॅडमची गाडी आहे. एका हातातली. मॅडम स्वतःच देतायत, त्या काय तिथं बसल्यात.”

शेठ कुणाला तरी हे सांगत होते. मी मान वर करून मॅडम कुठं आहेत ते शोधलं. यार्डात बाई म्हणून मी एकटीच होते. पत्र्याच्या शेडखाली टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि त्यामागं मी, शाळेच्या प्रत्येक ग्रुप फोटोत असते तशी, म्हणजे फोटो एकदाचा निघावा असा चेहरा करून. राहुरीकडून आलेला एक माणूस माझ्याकडे बघून आदरानं हसला. मीही हसले. काय करावं ते सुचलं नाही की मी हसते, ही माझी लहानपणापासूनची खोड. त्या माणसानं वळून बोनेटवर हात ठेवला आणि ती पांढरी छोटी गाडी, जी मी तोवर फक्त धुतली जाताना पाहिली होती, माझी झाली.

अर्ध्या तासात ती विकलीही गेली.

शेठना विचारायचा धीर यायला मला संध्याकाळ झाली. “ती गाडी माझी आहे असं का सांगितलंत?”

“तू खोटं बोललीस का?” त्यांनी मलाच विचारलं.

“नाही, पण...”

“एक शब्द तरी बोललीस? न्हाई ना? मग तुझ्या डोक्याला कसला ताप? बोललो मी. ते माझं मी बघीन.” आणि त्यांनी पेढ्याचा बॉक्स माझ्याकडे सरकवला.

मी पेढा घेतला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात मी कुणी साधीभोळी मुलगी होते असं कुणाला वाटू नये.

ते यार्ड नगरमध्ये, सावेडीच्या पुढं, मनमाड रस्त्याला. जुन्या गाड्या घ्यायच्या, चकचकीत करायच्या आणि विकायच्या. माझं काम जाहिराती लिहायचं. मुलाखतीत शेठनी एकच प्रश्न विचारला होता, “इंग्लिश येतं का?” गाड्यांबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मला ठेवलंच नसतं, कारण मी थांबले नसते. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, वर्गात बोलत नाही. तो खरा होता. मी शाळेच्या व्हॅनमध्ये खिडकीशी बसून मागून येणारी गाडी आवाजावरून ओळखायचे. रद्दीच्या दुकानातून गाड्यांची इंग्रजी मासिकं आणायचे, पुठ्ठा फाटलेली, पानं चिकटलेली. टॉर्क म्हणजे काय हे मला फिजिक्सच्या बाईंच्या दोन वर्षं आधी समजलं होतं. पण ते सांगायला हात वर करावा लागला असता.

घरी आई शेजारणींना सांगायची, “ऑफिसात आहे, कॉम्प्युटरचं काम.”

जुन्या गाडीला आमच्याकडे एक आधीचा मालक लागतो, आणि तो खरा असून चालत नाही. खरा मालक बहुतेक वेळा खडी क्रशरवाला असतो, नाहीतर लग्नाची भाडी मारणारा. म्हणून शेठ मालक बदलायचे. काही गाड्या डॉक्टरांच्या असायच्या, फक्त घर ते दवाखाना फिरलेल्या. काही निवृत्त मुख्याध्यापकांच्या, कव्हर घालून ठेवलेल्या. पण सगळ्यांत वरचा भाव बाईच्या गाडीला. बाईची गाडी म्हणजे गेअरला झटका नाही, दारावर गुटख्याचा ओघळ नाही, वरातीत नाचवलेली नाही, घाटात तापवलेली नाही. सावेडीतून निघाली की सावेडीतच परत.

मला हे ऐकताना मजा वाटायची. यार्डातल्या गाड्या पुढं-मागं लावायचं काम माझ्याकडंच होतं, आणि डिझेल भरायला पाठवलं की परतीच्या मोकळ्या रस्त्यावर मी तिसरा गेअर सोडायचेच नाही. इंजिनात काय दुखतंय ते तिसऱ्यातच समजतं. एकदा ‘डॉक्टरच्या’ एका गाडीचा क्लच माझ्या हातून जळला. त्याचं मला काही वाटलं नाही. तो तसाही महिन्याभरात जाणारच होता.

शेडमध्ये रोज दोन माणसं येऊन बसायची. त्यांना गाडी घ्यायची नव्हती, विकायचीही नव्हती. एक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका. दुसरे क्लासेस घेणारे एक सर, जे सात-आठ वर्षं गाडी घेत होते. बाजारात येणारं प्रत्येक मॉडेल ते चालवून बघायचे, वहीत दोन रकाने आखून तुलना करायचे आणि मग म्हणायचे, पुढच्या वर्षी याचंच नवीन रूप येणार आहे, थांबू. तोवर ते स्कूटरवर फिरायचे.

“सनरूफ पाहिजेच,” सर म्हणायचे.

“कशाला? आपल्याकडं वरनं काय येतं? ऊन आन् धुरळा. त्याला भोक कशाला पाडून द्यायचं?”

“काका, विकताना किंमत येते त्याची.”

“तुमी आधी घ्या तरी. घेतल्याबिगर इकायचं बोलू नये मानसानं.”

मग पेट्रोल की डिझेल. मग ऑटोमॅटिक गाडीला घाटात ढकलावं लागतं का. मग ट्रक. ट्रकवर काकांचं ठाम मत होतं. “रिकामा ट्रक बघूच नये. रिकामे समदेच चांगले. माल भरायचा, चढाला उभा करायचा, आन् मग ब्रेक सोडायचा. तवा कळतं कोन कोनाचं.” सर यावर गुरुत्वाकर्षण समजावून सांगायला लागायचे आणि काका त्यांना मध्येच तोडून चहा मागवायचे.

मला ती माणसं आवडायची. पण त्यांची निम्मी मतं चुकीची होती आणि ती ऐकत गप्प बसणं हे माझ्या पगारात मोजलेलं नव्हतं. एकदा सर एका इंजिनाच्या टायमिंग चेनबद्दल चुकीचं सांगत होते. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, “त्याला चेन नाही, बेल्ट आहे.” दोघंही थांबले. सर म्हणाले, “अरे वा! मॅडमनासुद्धा माहितीय!” आणि दोघं पुन्हा बोलायला लागले. चेनवरच.

मी माझी मतं जाहिरातीत घालायचे. ‘मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात’ असं मी एका गाडीबद्दल लिहिलं होतं. शेठनी ते खोडून ‘भरपूर जागा’ असं लिहायला लावलं. ‘एसी उन्हाळ्यात पुरत नाही’ हे खोडून ‘एसी चालू’. मी चिडायचे आणि लिहायचे.

त्या पांढऱ्या गाडीनंतर माझ्या आणखी चार गाड्या झाल्या. शेठना समजलं होतं की मी बोलत नाही, आणि न बोलणारी, नीटनेटकी, इंग्रजी वाचणारी मुलगी खुर्चीत बसलेली दिसली की माणसं बोनेट उघडायचंसुद्धा विसरतात. मला ते कधी काही बोलायला सांगत नव्हते. उलट म्हणायचे, “तू फक्त बस.” शाळेत ज्या गोष्टीसाठी दरवर्षी लाल शाईचा शेरा मिळाला, तिची इथं किंमत होती. त्या चारही गाड्या चांगल्या होत्या, मी स्वतः चालवून पाहिल्या होत्या, असं मी स्वतःला सांगायचे. त्या गाड्या खरंच चांगल्या होत्या. मी त्या विकल्या, हेही खरंच.

मग ती सात सीटर आली.

पाऊस संपत आला होता. गाडी टोचन लावून, दोराला बांधून आणली, आणि एमएच सतराची पाटी बघून मी जाहिरातीसाठी वहीत ‘श्रीरामपूर पासिंग’ असं लिहिलं. गोदावरीकाठचं कोपरगाव, शिर्डी, तो सगळा पट्टा सतरातच येतो. गाडीचे चारही दरवाजे तीन दिवस उन्हात उघडे ठेवले. सीटा बाहेर काढल्या. नवी कव्हरं आली. डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या वासाची एक डबी चिकटवली. गाडी दिसायला सुरेख होती, करडी, उंच, खाली खडबडीत रस्त्याला लागते तेवढी मोकळी जागा. मी चौथ्या दिवशी फोटो काढायला आत बसले आणि सवयीनं मधला सीटबेल्ट ओढला.

माणसं पट्टा अर्धाच ओढतात. पूर्ण ओढला की शेवटचा हातभर भाग बाहेर येतो, जो रोजच्या वापरात कुणी बघत नाही. त्या हातभर भागावर तांबूस गाळ वाळून बसला होता. मी तो नखानं खरवडला. बारीक, मऊ, नदीचा. मग मी दुसरा पट्टा ओढला, मग तिसरा. सगळ्यांवर तेच. पाणी सीटच्या वर आलं होतं.

मला वाटलं शेठना माहीत नसेल. खरंच वाटलं. मी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, “शेठ, त्या सात सीटरच्या पट्ट्यांना गाळ आहे. पुरातली गाडी आहे ती.”

शेठचा चेहरा फुलला. “मी म्हनत नव्हतो पोरगी हुशार हाय?” ते गाड्या धुणाऱ्या माणसाकडे वळले. “सगळे पट्टे पुरते ओढून घासा. ब्रश घ्या. आन् हिला इचारा, अजून कुठं कुठं बघत्यात लोकं.”

आणि तो येऊन मला विचारू लागला. ताई, अजून कुठं?

मी सांगितलं. स्टेपनीखालचा खड्डा. सीटा ज्या पट्टीवर सरकतात तिचे नट, ते गंजतात. हेडलाइटच्या काचेच्या आत धरलेली वाफ. कारपेटच्या खालचा फोम, जो वरून कोरडा लागतो आणि दाबला की ओला. डॅशबोर्डच्या मागं हात घातला तर बोटाला लागणारी माती. मी एकेक जागा दाखवत गेले आणि तो एकेक जागा साफ करत गेला. दीड वर्षात पहिल्यांदा त्या यार्डात कुणीतरी मला गाडीबद्दल काही विचारत होतं, आणि मला त्याचा आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते म्हणून मी ते गाळणार नाही.

संध्याकाळपर्यंत त्या गाडीत पुराची एकही खूण राहिली नाही. कुणी कितीही जाणकार माणूस आला असता तरी त्याला काही सापडलं नसतं. माहीत होतं ते फक्त माणसांना.

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधी मी काकांना गाठलं. “काका, ती सात सीटर पाण्यातली आहे.”

काका चहात बघत होते. “ठाव हाय. पहिल्याच दिवशी वासावरनं कळलं मला.”

“मग?”

“मग काय? इंजिन खोलून साफ केलंय. चालती हाय.”

“पुढं?”

“पुढं वायरिंग सडंल. आज न्हाई, दोन महिन्यानं. कवा दिवे जातील, कवा चालता चालता बंद पडंल. ब्रेकचं त्याच्यात काय काय असतं आजकाल, ते तुमालाच ठाव.”

“घाटात बंद पडली तर?”

काकांनी कप खाली ठेवला. “पोरी, मी हितं चहा प्यायला येतो.”

मग सर आले. त्या दिवशी त्या दोघांनी तासभर एका परदेशी ट्रकवर वाद घातला, जो आपल्या देशात विकायलाही येत नाही. त्याचं मागचं चाक एकेरी बरं की दुहेरी. सरांनी वहीत रकाने आखले. करडी गाडी त्यांच्यापासून दहा पावलांवर उभी होती. जगातल्या प्रत्येक गाडीवर मत असलेली ती माणसं त्या एका गाडीवर एक अक्षर बोलली नाहीत, त्या दिवशी नाही, पुढं आठवडाभर नाही. सरांनाही माहीत होतं. ती आली तेव्हा ते शेडमध्येच बसले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्यांची खुर्ची तिच्याकडे पाठ करून ठेवायला सुरुवात केली होती.

त्या यार्डात मी आता नाही. शेठ कधी रस्त्यात दिसले तर ओळख देत नाहीत, मी देते. मला लोक विचारतात की तू तेव्हाच का नाही निघून गेलीस. लोकांना वाटतं लाजाळू माणसाला वेळ लागतो कारण त्याला कमी समजतं. मला सगळं समजत होतं. मला फक्त बोलायचं नव्हतं, आणि गप्प राहून जेवढं चांगलं वागता येईल तेवढं वागायचं होतं. मी त्या गाडीची जाहिरात मुद्दाम वाईट लिहिली. फोटो उन्हाकडे तोंड करून काढले, सगळे पांढरेफटक. दोन आठवडे एकही गिऱ्हाईक आलं नाही आणि मला वाटलं, जमलं.

दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा पाथर्डीकडचं ते जोडपं आलं. जाहिरात त्यांनी पाहिलीच नव्हती. एसटीतून जाताना रस्त्यावरून गाडी दिसली आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत आले. तो पस्तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. ती डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पायात पुरुषी सँडल.

“सात सीटर बघायचीय,” तो म्हणाला. “पाथर्डी-नगर लाइनला टाकायची हाय.”

पाथर्डी-नगर म्हणजे करंजी घाट. मी लॅपटॉपचं झाकण लावलं.

त्यानं गाडीत बसायच्या आधी चपला काढल्या. पण त्याआधी त्यानं जे केलं ते बघायला काका खुर्चीतून उठले. ऑइलची काडी काढून दोन बोटांत तेल चोळलं, हुंगलं. सायलेन्सरवर तळहात धरला. चारही कोपरे एकेकदा दाबून गाडी किती वेळा हलते ते बघितलं. टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. सगळं बरोबर करत होता, आणि सगळं बरोबर निघत होतं.

“सध्या कुठली चालवता?” सरांनी विचारलं.

“दुसऱ्याची जीप. धा वर्सं झाली.”

“मग ही तुम्हाला मऊ वाटेल. जीप ती जीप.”

“जीप मला बरी हो. मागं बसनाऱ्याला इचारा. उतरल्यावर मानसं कंबर धरून आमची आय काढत्यात.” तो बोनेट लावत म्हणाला, “सर, तुमची कंची गाडी?”

“मी बघतोय,” सर म्हणाले.

“किती दिस झाले?”

काकांना ठसका लागला.

“अवो, गप्पा काय हानताय,” बायको म्हणाली. “आत बसून बघा की. आन् वास कसला येतोय त्यो बघा.”

“मोगरा आहे, ताई,” शेठ म्हणाले.

“त्ये कळलं. मोगरा गाडीत कशाला? दुसरा कंचा वास झाकायचा आसंल तरच मानूस येवढा मोगरा लावतं.”

“तू गप गं,” नवरा म्हणाला. “गाडी बघाया आलोय का वास?”

“ताई, मॅडमची गाडी आहे,” शेठनी माझ्याकडे हात केला. “बायकांना आवड असते. मॅडम कॉलेजात शिकवतात. घर ते कॉलेज, कॉलेज ते घर, बाकी कुठं नाही.”

“पासिंग सतराचं कसं मग?” नवऱ्यानं विचारलं.

“माहेर कोपरगाव. वडिलांच्या नावावर आहे गाडी.”

एका मिनिटात मला नोकरी मिळाली, माहेर मिळालं आणि माहेर आहे म्हणजे सासरही मिळालं. माझ्यासाठी सासर शोधायला आईला दोन वर्षं पुरली नव्हती. मी हसले. तीच खोड.

शेठ नवऱ्याला घेऊन चक्कर मारायला गेले. बायको आली आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. पिशवी मांडीवर.

“तुमची व्हय गाडी?”

मी पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

“चांगली हाय. इकताय कशापायी?” ती उत्तराची वाट बघून, पाणी पिऊन, स्वतःच बोलत राहिली. “आमचं बरं, मनासारखी घावली. ही घरी आली की म्या औंदा ऊसतोडीला जात न्हाई. लगीन झाल्यापासनं दर साली कोयता हाय हातात. मुकादम रोज निरोप धाडतो, बाई येनार का न्हाई सांगा, मला जोड्या ठरवायच्यात. म्या म्हनलं, दसरा हू दे. ह्ये गाडी चालवत्याल, म्या घरी ऱ्हाईन, शेरडं पाळीन. शेवटी त्याला म्हनलं, यंदा दुसरी बाई बघ.” ती हसली. तिला दात मोठे होते आणि हसणं त्याहून मोठं. “तुमी बोलत न्हाई व्हय कुनाशी?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात गाडी फाटकातून आत आली, आणि उतरता उतरता शेठनी ते ऐकलं.

“इंग्लिश मीडियमच्या आहेत ताई त्या. मराठी येत नाही त्यांना नीट.”

“आगं बया,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

गाडी माझी आहे हे मी पाच वेळा गिळलं होतं. कॉलेज गिळलं, माहेर गिळलं. पण माझी भाषा! मी इंग्रजी शाळेत गेले म्हणून गप्प नव्हते. मी इंग्रजीतही गप्पच असते. शेठना माझं गप्प असणं हवं होतं, आणि कुणी त्याकडे बोट दाखवलं की झाकायला एक मोगऱ्याची डबी हवी होती. मला आठवतं, मी टेबलाखाली दोन्ही हात घट्ट धरले होते, शाळेत तोंडी परीक्षेला धरायचे तसे.

“गाडी झाली आपली,” नवरा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “लई गुळगुळीत चालती. शेठ, इसार आत्ता देतो, बाकीचं दसऱ्याच्या आदल्या दिशी.” त्यानं शर्टाच्या खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले. गाठ सोडायला घेतली आणि थांबला. “एक मिनिट. मॅडमना इचारू द्या.”

“त्यांना काय विचारताय? मी आहे ना,” शेठ म्हणाले.

“तुमी इकताय. त्यांनी चालवलीय.”

तो तसाच अनवाणी माझ्या टेबलाशी आला. मागं सर आणि काका, दोघंही उठून उभे. तो थोडा वाकून, एखाद्या मिस्त्रीला विचारावं तसं, सावकाश, मला समजेल अशा मराठीत बोलू लागला.

“मॅडम, खरं सांगा. करंजी घाटाच्या चढाला, सात मानसं भरल्यावर, ही दुसऱ्यात वढती का पहिल्यात टाकावी लागती? आन् उतरताना ब्रेक कसा धरती? म्या रोज चार फेऱ्या मारनार. मागं बाया-लेकरं आसत्यात.”

असा प्रश्न मला कुणी विचारावा म्हणून मी शाळेच्या व्हॅनच्या खिडकीत बसल्यापासून वाट बघितली होती. गाडीबद्दल, नेमका, उत्तर ऐकायच्या तयारीनं विचारलेला. काका रस्त्याकडे बघायला लागले. सरांनी वही मिटली. शेठ माझ्याकडे बघून हसले, ते पेढ्याच्या बॉक्सचं हसणं, आणि म्हणाले, “मॅडमना घाट काय ठाऊक? त्या सावेडीच्या बाहेर...”

मी उभी राहिले. खुर्ची मागं पडली आणि ती उचलायला मी वाकले नाही. आवाज पहिल्या शब्दाला फाटला, तसाच पुढं रेटला.

“ही गाडी माझी नाही. मी कॉलेजात शिकवत नाही, माझं माहेर कोपरगाव नाही आणि मला मराठी येते. ही गाडी गोदावरीच्या पुरात सीटच्या वरपर्यंत बुडाली होती. पट्ट्यांना गाळ होता तो घासून काढलाय, आणि कुठं कुठं घासायचं ते मीच दाखवलं, म्हणून तुम्हाला काही सापडलं नाही. इथल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. हिची वायरिंग कधी जाईल सांगता येत नाही, आणि घाटात गेली तर ब्रेकचा भरवसा नाही. दादा, इसार खिशात घाला. ही घेऊ नका.”